तेलाचा उत्पादनखर्च कोणाच्या नावावर?



कापसाचा भाव मागायला गेलो की आपल्याला पहिला प्रश्न येतो, उत्पादनखर्च दाखवा. मग बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी, बैलजोडी, घरच्या माणसांची मजुरी असा एकेक आकडा मांडायचा. त्यातले काय धरायचे आणि काय सोडायचे ते दिल्लीत ठरणार. तेलाचा उत्पादनखर्च मात्र असा कोणी पुरता मांडतच नाही. विहीर खोदली, तेल उपसले, गाळले, पंपावर पोचवले, इथवरचा खर्च धरतात. ते जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो आणि हवा तापते, तो खर्च हिशेबात नाही. पंपावर आपण कर भरतो हे खरे, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो, नुकसान झालेल्याच्या हातात नाही.

नुकसान कोणाचे ते आपल्याला सांगायला नको. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. ऊन वाढले की ओल लवकर उडते आणि कणीस भरत नाही. पऱ्हाटीला पाते-फुले लागायच्या वेळी पावसाचा खंड पडला की पातेगळ होते. ज्याला कालवा आहे तो एक पाणी देऊन निभावतो. कोरडवाहूवाला आभाळाकडे बघत बसतो.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. अमेरिकेतल्या एक्झॉन कंपनीचेच उदाहरण घ्या. १९७७ साली जेम्स ब्लॅक या तिच्याच शास्त्रज्ञाने बड्या अधिकाऱ्यांपुढे सांगितले की तेल-कोळसा जाळल्याने पृथ्वी तापणार. १९७९ पासून कंपनीने आपल्या एका तेलवाहू जहाजावर यंत्रे बसवून समुद्रावरची हवा मोजली. १९८२ च्या अंतर्गत टिपणात आलेख काढला की २०१९ च्या सुमारास हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत ४१५ भागांवर जाईल आणि तापमान साधारण एक अंशाने वाढलेले असेल. २०१९ च्या मे महिन्यात हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत आकडा ४१४ च्या वर गेला. आमच्या पंचांगकर्त्यांना इतका नेम साधला असता तर दुबार पेरणीची वेळच आली नसती.

इतके माहीत असलेल्या कंपनीने सरकारदरबारी काय सांगितले? १९८९ साली अमेरिकेतल्या तेल, कोळसा आणि मोटार कंपन्यांनी एक आघाडी उभी केली. नाव ठेवले 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन', म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावे की हवामान वाचवायलाच निघाले आहेत. काम होते हवामानाचा करार होऊ न देण्याचे. एक्झॉन तिची सदस्य होती. १९९७ साली जपानमध्ये क्योटो करार व्हायच्या आधी अमेरिकेतल्या उद्योगांनी जाहिरातींचा मारा केला: चीन आणि भारत मोकळे सुटणार, मग आम्हीच का बांधून घ्यायचे? त्याच जुलैत अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला की गरीब देशांवर बंधन नसेल तर असला करार नको.

आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एक्झॉनचे अध्यक्ष ली रेमंड बीजिंगच्या जागतिक पेट्रोलियम परिषदेत गेले. तिथे आशियातल्या सरकारांना त्यांनी सांगितले की हवामानाची धोरणे तुमच्या विकासाचा गळा घोटतील, ती रोखायला आम्हाला साथ द्या. वॉशिंग्टनमध्ये सांगायचे, भारत-चीन बांधले जात नाहीत म्हणून करार नको. बीजिंगमध्ये सांगायचे, तुम्ही स्वतःला बांधून घेऊ नका. दोन्हीकडे नाव गरिबांचे. गरीब शेतकऱ्याचे नाव घेऊन शहरासाठी धान्य स्वस्त ठेवणारे पुढारी आपण पाहिले आहेत. पण ही मंडळी त्यांचेही गुरू निघाली!

मार्च २००१ मध्ये अध्यक्ष बुश यांनी क्योटो नाकारला, कारण चीन-भारत. जूनमध्ये त्यांच्या परराष्ट्र खात्याची अधिकारी त्या आघाडीला भेटणार होती. तिच्यासाठी तयार केलेल्या टिपणात लिहिले होते की अध्यक्षांनी क्योटो नाकारला तो काही अंशी तुमच्याच सांगण्यावरून, असे त्यांना सांगावे. हा कागद २००५ मध्ये बाहेर आला. त्याच २००५ च्या जूनमध्ये व्हाइट हाउसच्या पर्यावरण मंडळातले फिलिप कूनी यांनी राजीनामा दिला. सरकारी हवामान अहवालांत शास्त्रज्ञांचे शब्द मऊ करणारा हा गृहस्थ आधी तेलवाल्यांच्या संघटनेत होता. राजीनाम्यानंतर लगेच त्याला एक्झॉनमोबिलने नोकरी दिली.

आता कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट, कंपनी सुधारली. जानेवारी २००९ मध्ये तिचे प्रमुख रेक्स टिलरसन यांनी कार्बनवर कर लावा असे जाहीर सांगितले. आम्ही खुल्या बाजाराची बाजू घेणारी माणसे, आम्हाला हे पटण्यासारखेच आहे: पुरा खर्च भावात येऊ द्या, मग घेणारा घेईल. पण जून २०२१ मध्ये बाहेर आलेल्या छुप्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात याच कंपनीचा वॉशिंग्टनमधला माणूस बोलून गेला की हा कर काही होणार नाही, बोलायला मुद्दा मिळतो एवढेच. कंपनीच्या प्रमुखांनी नंतर त्याबद्दल माफी मागितली. पिकाला भाव देऊ म्हणायचे आणि तो द्यायची वेळ येणार नाही याची खात्री बाळगायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

जिथे पैसा येणार तिथे मात्र बोलणे खरे होते. २०२२ च्या अमेरिकन कायद्याने कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत गाडणाऱ्याला टनामागे ८५ डॉलरपर्यंत करसवलत दिली. पुढच्याच वर्षी एक्झॉनमोबिलने तो वायू वाहून नेणाऱ्या नळांचे जाळे असलेली डेन्बरी कंपनी ४९० कोटी डॉलरना घेतली. २०२२ चा तिचा नफा ५,५७० कोटी डॉलर होता. त्यातून अशी खरेदी जड जात नाही. पण आमची एक क्विंटल कापसाची सबसिडी ज्यांना बाजार बिघडवते, त्यांना ही सबसिडी का दिसत नाही?

हे अमेरिकेतले सगळे आपल्याला कशाला, असे विचाराल. कार्बनचा बाजार आता आपल्या बांधावर येतो आहे. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा काढला. नांगरट कमी करा, झाडे लावा, क्रेडिट विकून पैसे मिळतील, असे सांगणारी माणसे गावात येतील. विकत घेणाऱ्यांत धूर सोडणारेही असतील. तेव्हा सही करण्याआधी चार गोष्टी विचारा: भाव कोण ठरवणार, मोजमाप कोण करणार, किती वर्षे बांधून घेणार, आणि पाऊस न झाल्याने झाडे वाळली तर पैसे परत मागणार का. ज्यांच्याकडे असे करारपत्र आले आहे त्यांनी त्याची प्रत जिल्हा बैठकीला आणावी, तिथे सर्वांसमोर वाचून घेऊ.