मॉर्मन ग्रंथ आणि डीएनएची साक्ष

धर्मग्रंथाच्या प्रस्तावनेतील दोन-तीन शब्द बदलले, तर त्याची बातमी का व्हावी? मॉर्मन पंथाच्या बाबतीत तसे घडले. ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या १९८१ च्या आवृत्तीतील प्रस्तावनेत लामानी लोक हे अमेरिकेतील मूलनिवासींचे ‘प्रमुख पूर्वज’ असल्याचे म्हटले होते. २००७ साली उजेडात आलेल्या दुरुस्तीनुसार ते ‘पूर्वजांपैकी’ ठरले. या लहानशा बदलामागे जनुकशास्त्राने उभा केलेला मोठा प्रश्न आहे.

जोसेफ स्मिथ यांनी हा ग्रंथ १८३० साली न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे प्रकाशित केला. देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरील लेखाचे हे भाषांतर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास लेही नावाचा संदेष्टा कुटुंबासह जेरुसलेम सोडून सागरापलीकडील नव्या भूमीत गेला; त्याच्या वंशातून नेफी व लामानी ही कुळे निर्माण झाली आणि अवज्ञेमुळे लामानींची कातडी काळवंडली, असे ग्रंथ सांगतो. ‘तुम्ही त्या लामानींचे वंशज आहात’, असे मूलनिवासींना पिढ्यानपिढ्या सांगण्यात आले. म्हणूनच हा केवळ प्रयोगशाळेतील वाद नव्हे. भूमी गमावलेल्या एका समाजाचे पूर्वजही इतरांनीच ठरवावेत काय, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

विज्ञान काय सांगते? मूलनिवासींच्या मातृवंशाचे पाच मुख्य गट आढळतात. त्यांपैकी चारांची मुळे निःसंशय आशियात, सायबेरियाच्या दिशेने जातात. पाचव्या ‘एक्स’ गटाच्या शाखा पश्चिम आशियातही असल्यामुळे काही मॉर्मन अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला. परंतु वॉशिंग्टन राज्यातील केनेविक येथे सापडलेल्या, आठ हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मनुष्यात या गटाची अमेरिकन शाखा असल्याचे २०१५ साली सिद्ध झाले. लेहीचा काळ त्यानंतर कित्येक सहस्रकांचा!

२००२ साली मानववंशशास्त्रज्ञ थॉमस मर्फी यांनी हे प्रश्न लेखाद्वारे मांडले, तेव्हा मॉर्मन असलेल्या या अभ्यासकावर शिस्तभंगाची कारवाई योजण्यात आली. पुढे ती स्थगित झाली. २०१४ साली मात्र मॉर्मन चर्चने स्वतःच या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. मूलनिवासींचा डीएनए बहुतांशी आशियाई आहे, हे त्यात मान्य केले आहे. तथापि लहानसे कुटुंब मोठ्या लोकसंख्येत मिसळले, तर त्याच्या जनुकीय खुणा पुसल्या जाऊ शकतात. म्हणून डीएनए ग्रंथाची सत्यता सिद्धही करू शकत नाही व खोडूनही काढू शकत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे.

या युक्तिवादात तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाचे उदाहरण येथे बोलके आहे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या ज्यू पूर्वजांची परंपरा या समाजाने जपली. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू व भारतीय, असे दोन्ही वारसे आढळले. परंतु त्यांनी बव्हंशी आपसांतच विवाहसंबंध ठेवले होते; मिसळून गेलेल्या कुटुंबाचे तसे होईलच असे नाही. अडचण वेगळीच आहे. पुराव्याच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवलेला दावा पुराव्याचा आधारही मागू शकत नाही. शिवाय ‘प्रमुख पूर्वजां’चे रूपांतर नकळत हरवलेल्या एका कुटुंबात झाले, ही माघार आहे, आणि तिला माघार म्हणणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

या वादाकडे पाहून आपण गालातल्या गालात हसू नये. १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरविणारे आपलेच धर्मपीठ होते. त्या चुकीची कबुली १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी दिली. पवित्र शास्त्र वाचताना त्यातील साहित्यप्रकार ओळखावेत, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. मॉर्मन बांधवांची वाट अधिक बिकट आहे, कारण सुवर्णपत्रे खरी असतील तर ती लिहिणारी माणसेही खरी असावी लागतात. तरीही प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्यापासून प्रश्नाला जाहीर उत्तर देण्यापर्यंत बारा वर्षांत झालेला त्यांचा प्रवास स्वागतार्ह आहे. तो पुढे चालू राहावा आणि ज्यांच्या पूर्वजांविषयी ही चर्चा चालली आहे, त्या मूलनिवासींचे म्हणणेही तीत ऐकले जावे.