पावतीपुस्तक आणि पक्ष

आपल्या देशात नव्याने नोंदणी होणारा प्रत्येक राजकीय पक्ष कायद्याने समाजवादी असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८८च्या दुरुस्तीने २९-अ हे कलम आले. तेव्हापासून नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्या पक्षाला संविधानाशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा राखण्याची हमी आपल्या घटनेत लिहून द्यावी लागते. उद्योगपतींच्या पैशावर चालायचे ठरवलेला पक्षही ती लिहून देतो आणि कोणाला हसू येत नाही. तेव्हा ‘आम्ही समाजवादी’ म्हटल्याने समर्थकाला काहीच कळत नाही. या मासिकाचे वाचक बहुतांशी छोट्या डाव्या-समाजवादी पक्षांचे तालुका आणि जिल्हा पातळीवरचे कार्यकर्ते आहेत, म्हणून सरळच विचारतो: तुमचा पक्ष आणि शेजारचा दुसरा छोटा पक्ष यांत फरक काय, हे तुमच्या मतदाराला कशावरून कळते?

हा प्रश्न आला की आपण इतिहासात शिरतो. शेतकरी कामगार पक्षाचा कार्यकर्ता शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांच्यापासून सुरुवात करतो आणि १९५०च्या दाभाडी प्रबंधापाशी येऊन थांबतो. लाल निशाणवाला दुसऱ्या महायुद्धातल्या कम्युनिस्ट पक्षाच्या भूमिकेवरून बाहेर पडलेल्या नवजीवन संघटनेची गोष्ट सांगतो. सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाचा माणूस १९७८ साली शरद पाटील जातीच्या प्रश्नावर मार्क्सवादी पक्षातून का बाहेर पडले ते समजावतो. यातला एकही फरक खोटा नाही. काही तर फार मोलाचे आहेत. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे सरकार होते, पट्टम थाणू पिल्ले मुख्यमंत्री. तिथे पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या, माणसे मेली. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया त्या वेळी उत्तर प्रदेशात तुरुंगात होते आणि त्यांनी तिथूनच आपल्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. पक्षाने तो मागितला नाही. त्यातून धुमसत गेलेल्या भांडणाचा शेवट १९५५च्या अखेरीस वेगळा समाजवादी पक्ष निघण्यात झाला. स्वतःच्या सरकारला हा प्रश्न विचारणारा सरचिटणीस आज कुठल्या पक्षात सापडेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

पण समर्थक हे फरक लक्षात ठेवत नाही, आणि त्याने ठेवावेत अशी अपेक्षाही चुकीची आहे. निर्णय कोण घेतो, पैसा कुठून येतो आणि अडचण घेऊन गेले तर कोण भेटते, एवढ्यावरच तो पक्ष ओळखतो. या तीन बाबतींत महाराष्ट्रातले छोटे पक्ष एकमेकांपासून खरोखरच लांब होते, त्यांच्या प्रबंधांत दिसते त्याहून कितीतरी अधिक.

शेकापचेच पाहा. हा पक्ष ‘भेटण्या’वर उभा राहिला. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले आणि सुमारे सहा वर्षे ते निभावले. नारायण नागू पाटलांनी उभी केलेली ती संघटना पक्षाच्याही आधीची, गावोगावच्या सभांतून बांधलेली. पुढे शेकाप तिथे रुजला तो आयत्या जमिनीत. साप्ताहिक म्हणून निघालेले ‘कृषीवल’ दैनिक झाले आणि रायगडात पक्षाचा निरोप, लग्नाची बातमी आणि ग्रामपंचायतीचा निकाल एकाच कागदावर घरी येऊ लागला. सांगोल्यात गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, १९७२ आणि १९९५ साली पडले, तरी एकाच मतदारसंघातून ११ वेळा आमदार झाले. एसटीने फिरणारा आमदार अशी त्यांची ख्याती. त्या साधेपणाचे कौतुक वर्तमानपत्रांनी भरपूर केले, पण संघटनेच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची बाब वेगळीच आहे. एसटीतला आमदार शेजारच्या बाकावरच्या माणसाला टाळू शकत नाही. पाण्याची तक्रार, सूतगिरणीतल्या कामाचे गाऱ्हाणे, भावकीतला बांधावरचा तंटा, सगळे प्रवासातच कानावर पडते.

या पद्धतीची किंमतही पक्षाने मोजली. भेटणारा माणूस एकच असला की पक्ष त्याच्याभोवती गोळा होतो आणि त्याच्यामागे घराकडे जातो. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापचे मोठे पुढारी एकेक करून काँग्रेसमध्ये गेले, ते जाताना आपापला तालुकाही घेऊन गेले. जेधे तर १९५४ सालीच परतले होते. २०१९मध्ये अलिबाग हातून गेले. २०२४च्या विधानसभेत पक्षाची एकच जागा आली, ती सांगोल्याची, आणि जिंकणारे गणपतरावांचे नातू. हे घराणेशाहीचे उदाहरण म्हणून सांगत नाही. मतदाराने ओळखीचे दार निवडले, एवढेच त्यातून दिसते. तालुक्यात दुसरे दार पक्षाने उघडलेच नव्हते, हा दोष पक्षाचा.

समाजवाद्यांचे नेमके उलटे झाले. त्यांच्याकडे दारे ढीगभर, घर मात्र सारखे मोडत राहिले. १९४१चे राष्ट्र सेवा दल, साने गुरुजींनी १९४८ साली काढलेले ‘साधना’, वसंत बापट, लीलाधर हेगडे आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारखी माणसे असलेले कलापथक, हिंद मजदूर सभेच्या युनियन. गावातल्या शाळकरी मुलापासून गोदीतल्या कामगारापर्यंत प्रत्येकाला समाजवादी कुठेतरी भेटत असे. पक्ष मात्र १९५२ साली विलीन झाला, १९५५ साली फुटला, १९६४ साली जुळला, १९६५ साली पुन्हा फुटला, १९७१ साली पुन्हा जुळला आणि १९७७ साली जनता पक्षात विरघळला. सेवा दल आणि ‘साधना’ आजही आहेत, कारण त्यांना स्वतःची वर्गणी आणि स्वतःचे काम होते. पक्षाचे सभासद कोण, हे मात्र दर विलीनीकरणात नव्याने ठरत गेले. सभासदाला कोणी विचारले नाही, त्याला वर्तमानपत्रातून कळले. आमच्या मते समाजवादी पक्षाच्या ऱ्हासाचे हे कारण लोहिया-अशोक मेहता वादापेक्षा मोठे आहे, आणि त्यावर फार कमी लिहिले गेले आहे.

त्याच समाजवाद्यांनी एक गोष्ट मात्र अशी करून दाखवली की तिचा धडा प्रत्येक शिबिरात गिरवावा. १९७२ साली दुष्काळ आणि महागाई एकदम आली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या बायका एका समितीत आल्या. यांत समाजवादी होत्या, दोन्ही कम्युनिस्ट पक्षांच्या होत्या. त्यांच्या पक्षांचे आपसात पटत नव्हते. मोर्चाला येताना लाटणे आणा, थाळ्या वाजवा, एवढाच निरोप. हा निरोप समजायला कुठल्याही पक्षाचा कार्यक्रम वाचावा लागत नव्हता. गोरेगावात पाण्यासाठी वर्षानुवर्षे चाळीचाळींतून फिरलेल्या बाईने तो दिला होता, म्हणून तो पोहोचला. लाटणे नंतर अनेकांनी उचलले, ते फोटोपुरते. आधीचे फिरणे कोणी उचलले नाही.

लाल निशाण पक्षाबद्दल थोडक्यात. निवडणुकीच्या हिशेबात तो कायम नगण्य राहिला, पण साखर कारखाने, शेतमजूर, नगरपालिकांचे कामगार यांत त्याचा पाया पक्का होता. दत्ता देशमुख आणि एस. के. लिमये यांच्या या पक्षाने दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या कामावर जाऊन सभा घेतल्या. १९८२च्या गिरणी संपात दत्ता सामंतांच्या बाजूने उभा राहण्याचा निर्णयही त्याने घेतला, बाकीचे डावे कुरकुरत असताना. तिथे समर्थकाशी संपर्क म्हणजे युनियनची मासिक बैठक आणि तिथला हिशोब. कंटाळवाणा प्रकार, पण त्यानेच पक्ष टिकला.

परदेशातली दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत, कारण ती दोन टोकांची आहेत. ग्रेट ब्रिटनचा समाजवादी पक्ष १९०४ साली निघाला. त्याला नेता नाही, त्याच्या कार्यकारिणीच्या बैठकीला कोणीही जाऊन बसावे, आणि सभासद व्हायचे तर आधी पक्षाची भूमिका समजल्याचे दाखवून द्यावे लागते. ‘सोशालिस्ट स्टँडर्ड’ हे त्याचे मासिक त्याच वर्षापासून आजवर चालू आहे. सव्वाशे वर्षे होत आली, संसदेत एकही जागा नाही, आणि पक्षाला त्याची फारशी खंतही नाही. भूमिका शुद्ध ठेवायची तर हा मार्ग आहे, फक्त तो कुठे जातो हे आधी माहीत असावे. दुसरे टोक नेदरलँड्सच्या समाजवादी पक्षाचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका छोट्या माओवादी गटातून तो निघाला. ऑस नावाच्या औद्योगिक गावात त्याचे कार्यकर्ते दारोदार गेले, भाडेकरूंचे प्रश्न घेतले, पक्षाच्या डॉक्टरांनी दवाखाने चालवले. पक्षाचे लोकप्रतिनिधी आपले मानधन पक्षाकडे जमा करतात आणि पक्ष त्यांना ठरावीक रक्कम देतो. माओ कधीच मागे पडला, टोमॅटो हे बोधचिन्ह झाले, १९९४ साली संसदेत पहिल्या दोन जागा आल्या आणि २००६ साली २५. पुढे घसरण झाली, २०२३मध्ये जागा पाचवर आल्या. म्हणजे दारोदार जाणे हा काही कायमचा उपाय नव्हे. पण त्याशिवाय दोनाच्या २५ झाल्या नसत्या, हेही तितकेच खरे.

आता आपल्याकडे या. आज तालुक्यातल्या कुठल्याही छोट्या पक्षाचा संपर्क म्हणजे व्हॉट्सॲपचा गट. त्यात फक्त ॲडमिनने लिहायचे. सकाळी जयंतीचे अभिवादन, दुपारी तहसीलदारांना निवेदन देतानाचा फोटो, रात्री राष्ट्रीय नेत्याच्या भाषणाची चित्रफीत. निवेदनाचे पुढे काय झाले हे त्याच गटावर कधी वाचल्याचे आठवते का? समर्थकाला सगळे मिळते, त्याच्याकडून मात्र काही येत नाही. आले तर ‘विषयाला धरून लिहा’ म्हणून दम मिळतो. मोठ्या पक्षांना हे परवडते, त्यांच्याकडे पैसा आहे, वाहिन्या आहेत, सत्ता आहे. आपल्याकडे राखीव चिन्हसुद्धा बहुधा नसते. मान्यता गेली की चिन्ह जाते, आणि दर निवडणुकीला नवे चित्र घेऊन मतदाराच्या पुढे उभे राहावे लागते. अशा पक्षाला माणूस नावानेच ओळखीचा असावा लागतो.

म्हणून आमचा आग्रह जुन्याच वस्तूचा आहे: पावतीपुस्तक. वर्गणी मागायला गेलेला कार्यकर्ता ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि निदान दहा मिनिटे ऐकून घेतो. ‘मागच्या वर्षी दिले त्याचे काय केले?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जातो. जिल्हा समितीला तो कोणी विचारत नाही. वीस रुपये देणारा माणूस मत देणाऱ्यापेक्षा जास्त हक्काने बोलतो. पावतीची स्थळप्रत ही सभासदयादी असते आणि ती कुठल्याही विलीनीकरणात पुसली जात नाही. जिथे वर्गणीचा हिशोब वर्षातून एकदा फळ्यावर किंवा सभेत मांडला जातो, तिथे पक्ष फुटला तरी माणसे फुटत नाहीत, असे आमचे निरीक्षण आहे.

क्यूआर कोडला आमचा विरोध नाही. मुंबईत नोकरीला गेलेल्या मुलाने किंवा आखातातल्या समर्थकाने तिथूनच पैसे पाठवले तर उत्तमच, मात्र परदेशातून येणारा पैसा कायद्यात बसतो की नाही ते आधी तपासून घ्या. २०१७पासून प्राप्तिकर कायद्यानुसार दोन हजारांवरची देणगी रोखीत घेणाऱ्या पक्षाला करसवलत नाकारली जाते. लहान वर्गणीला त्याची झळ लागत नाही. पण गावात राहणाऱ्या समर्थकाला कोड पाठवून मोकळे होणे म्हणजे त्याच्याकडे जायचे टाळणे. पैसे येतात, गाऱ्हाणे येत नाही. आणि गाऱ्हाण्याशिवाय छोट्या पक्षाला काम कुठून मिळणार? रस्ता, रेशन, पीकविमा, अंगणवाडीचे थकलेले मानधन, यांतला कुठला विषय या महिन्यात घ्यायचा हे राज्य समितीच्या परिपत्रकातून ठरवायचे, की पावती फाडताना ऐकलेल्यातून, हाच आज पक्षापक्षांतला खरा फरक आहे. कुठल्या आंतरराष्ट्रीय परंपरेतून आपण आलो, हे नंतर सांगता येईल, विचारले तर.

यासाठी दोन गोष्टी कराव्यात अशी वाचकांना विनंती आहे. पुढच्या तालुका बैठकीत गेल्या तीन वर्षांच्या स्थळप्रती घेऊन बसा आणि ज्यांच्याकडे पुन्हा कोणी गेलेच नाही त्यांची यादी करा. त्या घरांना या महिन्यात भेट द्या, पत्रक न घेता. आणि काय ऐकायला मिळाले ते आम्हाला पोस्टकार्डावर, मेलवर, जसे जमेल तसे लिहून पाठवा. पक्ष कोणताही असो, नाव छापू नका म्हणालात तर छापणार नाही. आलेली पत्रे एकत्र करून डिसेंबरचा अंक त्यावरच काढायचा विचार आहे. पत्रे १० नोव्हेंबरपर्यंत पोहोचावीत.