घोडीला पावसाळ्यात एकटी बांधू नका

पावसाळ्यात मोशी-कुरुळीकडून चाकणला जाताना कंपन्यांच्या भिंतींमधले पडीक तुकडे बघा. गुडघाभर गवतात एखादी घोडी एकटीच उभी असते, पुढचे दोन्ही पाय पायबंदात. चरत नसते. पाय आपटते, मान झटकते, तोंड वळवून स्वतःच्याच छातीला चावते. “लई खोडील झालीया,” म्हणत मालक फटका देतो. खेड तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी झाली, म्हणून ठामपणे सांगतो, ही खोड नाही. तिला माश्या खातायत आणि त्यांच्यापासून सुटायच्या तिच्या सगळ्या वाटा आपण दोरीने बंद केल्यात.

कुठली माशी छळतेय, हे घोडीच सांगते. नुसते पाय आपटत असेल तर ती घरमाशीसारखी दिसणारी, पण टोकदार सोंडेची चावरी माशी. ओला पेंढा, लीद आणि मूत एकत्र कुजतं तिथे ती वाढते, म्हणजे बहुधा मालकाच्याच उकिरड्यात. भर उन्हात अंग थरथरवत, शेपूट मारत घोडी पळू बघत असेल तर घोडमाशी. ही ओढ्या-नद्यांच्या काठच्या चिखलात वाढते आणि कातडी कापून रक्त पिते. गडद रंगाच्या घोड्याकडे ती जास्त ओढली जाते. काळ्या-तपकिरी अंगावरून परावर्तित होणारा प्रकाश तिला पाण्यावरच्या प्रकाशासारखा भासतो, असं हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं. लग्नातली पांढरी घोडी त्यामानाने सुटते.

तिसरी माशी चावतच नाही. दिसते मधमाशीसारखी. पुढच्या पायांच्या केसांवर ती फिकट पिवळी अंडी चिकटवते, पण तिच्या नुसत्या घिरट्यांनी शहाणी घोडीसुद्धा उधळते. पाय चाटताना जिभेच्या उबेने आणि ओलाव्याने अंडी फुटतात, अळ्या तोंडातून जठरात जातात आणि आठ-दहा महिने तिथेच चिकटून राहतात. पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. रोजच्या खराऱ्याच्या वेळी पायांवरून कोमट पाण्याचा फडका घासून फिरवला आणि चिकट अंडी बोथट सुरीने खरवडली, तर निम्मं काम होतं. अळ्यांचं औषध डॉक्टरला विचारूनच द्यावं.

मोकळी घोडी स्वतःची सोय स्वतः करते. वारा असेल त्या उंचवट्यावर जाते. दुपारी अंधाऱ्या आडोशाला शिरते, कारण घोडमाशी तिथे सहसा येत नाही. दुसरी घोडी जवळ असेल तर दोघी उलटसुलट उभ्या राहतात आणि एकीचं शेपूट दुसरीच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलतं. फ्रान्समधल्या कामार्गच्या दलदलीत डंकन आणि विन्य या अभ्यासकांनी माश्या मोजल्या. १९७९ साली त्यांनी लिहिलं की मोठ्या कळपात प्रत्येक घोड्यावर बसणाऱ्या रक्तपिपासू माश्या कमी असतात. आपल्या धनगरांना हे सांगावं लागत नाही. मेंढरांमागे बिऱ्हाड वाहणारी त्यांची घोडी एकमेकांजवळच चरतात.

मालकांची अडचण मला कळते. जमिनी कंपन्यांना आणि प्लॉटिंगला गेल्या, घोडी सुटली तर थेट पुणे-नाशिक रस्त्यावर येते. म्हणून एकेकट्याने नाही, चार-पाच मालकांनी मिळून करायला हवं. गावच्या गायरानाचा तुकडा, तारेचं कुंपण आणि एका बाजूला पाचटाने झाकलेली, तीन अंगांनी बंद शेड. लीद रोज उचलून लांब. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी.

घोडी एकत्र ठेवताना एक पथ्य मात्र पाळायलाच हवं, ते सर्रा या रोगाचं. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान इथे या रोगाचे जंतू घोड्या-उंटांच्या रक्तात शोधले. घोडमाशी रक्त पिताना झटकली गेली की उरलेलं पोट शेजारच्या जनावरावर भरते आणि सोंडेला लागलेलं रक्त तिकडे नेते. ताप येऊन जाऊन राहतो, पोटाखाली सूज येते, घोडी झिजत जाते. औषध नाही मिळालं तर मरते. त्यामुळे नवी घोडी कळपात सोडण्याआधी रक्त तपासा, तापाची घोडी वेगळी ठेवा.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा रस्ता मोकळा केला, त्याआधी बैलांवर वर्षानुवर्षं वाद झाला. घोडी पावसाळा कसा काढते, हे कोणी विचारलं नाही. शर्यतीच्या घाटात लाखांची बक्षिसं लागतात. यात्रा कमिट्यांनी त्यातला थोडा पैसा बाजूला काढून पुढच्या जूनच्या आत अशी एक शेड उभी करावी, आणि घाटात उतरणाऱ्या घोडीच्या रक्ततपासणीचा कागद मागावा.