सापाचा जमाखर्च

दिवाळीच्या अंकात चकली-अनारसे सोडून सापाचे काय काढले, असे आमच्या नेहमीच्या वाचकभगिनी म्हणतील. पण या सदरात घरखर्चाच्या बाबी येतात, आणि यंदा आमच्या सोसायटीच्या वहीत साप ही बाब पडली आहे. पुण्याच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी घर घेतले म्हणजे हवा विकत मिळते, पाणी टँकरने मिळते आणि पावसाळ्यात साप फुकट मिळतो.

श्रावणात आमच्याकडे स्कूटरी लावतात तिथे घोणस निघाली. ही बया कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. त्यामुळे कोणाचा तरी भात झाला असे समजून दोघेतिघे तिच्या जवळून खुशाल गेले! वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवले, तेव्हा एक सर्पमित्र आला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, दिवसा गॅरेजात कामाला. दहा मिनिटांत त्याने घोणस आकडीने उचलून पिशवीत घातली. "किती द्यायचे?" म्हणून विचारले.

"काका, पैसे राहू द्या. पेट्रोलचे दिलेत तरी पुष्कळ. पण ती विटांची रास तेवढी हलवा. उंदीर आहेत त्यात."

त्याच्या उजव्या हाताचे एक बोट वाकत नव्हते. तेही घोणशीचेच देणे, दोन वर्षांपूर्वीचे.

पेट्रोलचे तीनशे रुपये दिले. खजिनदारांनी पावती मागितली.

त्याच खजिनदारांकडे आठवड्याभरात एका कंपनीचा टायवाला माणूस आला. कुंपणाभोवती पावडर टाकायची, वर्षाचे अठरा हजार. रंगीत माहितीपत्रक पाहून समिती विरघळली. पावती मिळणार होती ना! वस्तुतः पावडरीची रेघ पाहून साप परत फिरत नाही. डांबराच्या गोळ्यांनाही तो भीक घालत नाही. कार्बोलिक अ‍ॅसिडने सापाचे काही होवो न होवो, अंगणात खेळणाऱ्या पोराची कातडी मात्र भाजते.

पैसे टाकून साप संपवण्याचा प्रयोग सरकारनेही करून पाहिला आहे. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रजांनी फुरशांवर बक्षीस लावले. थोड्याच दिवसांत लाखावर फुरशी मारून आणली गेली. कोकणातल्या सड्यांवर फुरसे आजही आहे. आता तर साप मारणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे काठी घेऊन धावणाऱ्या तरुण मंडळींनी जरा दमाने घ्यावे.

साप घरात येतो तो उंदरामागे, बेडकामागे, पालीमागे. तेव्हा खर्च करायचा तो त्यांच्यावर. आमच्या सौभाग्यवतींनी कोणाची वाट न पाहता आमच्यापुरते काम उरकले. न्हाणीघराच्या मोरीला पाव इंचाची जाळी, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी आणि खिडकीला टेकलेली जास्वंदाची फांदी छाटायला माळी, सगळे मिळून अकराशे रुपये. खरकट्याचा डबा झाकणाचा आला तो निराळा. दिवाळीची साफसफाई आपण लक्ष्मीसाठी करतो. माळ्यावरची अडगळ निघाली की उंदराचेही बिऱ्हाड उठते.

जाळी लावूनही एखादा कवड्या पाली खायला भिंत चढून येईलच. तो बिनविषारी. पण काळ्या अंगावर पांढरे पट्टे असल्याने लोक त्याला मण्यार समजतात, आणि कधी मण्यारीलाच कवड्या समजतात. ही दुसरी चूक परवडणारी नाही. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा ते त्याला कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. मग मांत्रिक नको, दोरी आवळणे नको. ज्या दवाखान्यात प्रतिसर्पविष आहे तो गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर ते एकच औषध चालते, आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत असते. तरीही २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, शेतावरची.

हा आकडा मी समितीच्या सभेत वाचून दाखवला. "आपण काही खेड्यात राहत नाही," असे खजिनदार म्हणाले. पावडर बहुमताने मंजूर झाली. विटांची रास बांधकामवाल्याची, म्हणून तो विषय पुढच्या सभेवर गेला.

पण आमचे वॉचमनमामा बीडकडच्या खेड्यातले आहेत. ते मीटरच्या खोलीत, त्या राशीपासून सात-आठ पावलांवर, खाली सतरंजी टाकून निजतात. सभेत त्यांचे नाव कोणी काढले नाही. घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा सौभाग्यवती पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "गच्चीतली घडीची खाट अशीच गंजते आहे. उतरवा."

खाट मी आणि मामांनी मिळून खाली नेली. भिंतीपासून वीतभर दूर ठेवली. मच्छरदाणी मात्र नवी घ्यावी लागली. ती गादीखाली चारी बाजूंनी खोचून घ्यायची, हे मामांना दोनदा सांगितले.

साडेतीनशे रुपये. पावती आहे.