मंगळवारची संध्याकाळ

संघाबरोबर ज्यांनी एखादा मोसम काढला आहे त्यांना ‘आज बसायचं का?’ या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सामना संपलेला असतो, घोट्याच्या पट्ट्या कापून टाकलेल्या असतात, खोलीत घाम आणि स्प्रे यांचा मिळून एक वास कोंदलेला असतो, आणि एखादा ज्येष्ठ खेळाडू दारातून डोकं आत घालून एवढंच विचारतो. कुठे, काय, किती वाजता, हे कोणी विचारत नाही. फिजिओ कात्री-टेप आवरत असतो, प्रशिक्षक फोनवर असतो. ऐकू दोघांनाही येतं.

लंडनच्या आर्सेनल क्लबात या बसण्याला नाव पडलं होतं : ट्यूजडे क्लब. १९८६ साली जॉर्ज ग्रॅहम तिथे व्यवस्थापक म्हणून आले. मंगळवारी अंग मोडेपर्यंत सराव आणि बुधवारी सुट्टी, असा आठवडा असे. मधल्या वारी सामना नसला की मंगळवारी सराव आटोपून मंडळी थेट पबात. शनिवारच्या सामन्यापर्यंत उतरायला पुरेसे दिवस हाताशी. हिशोब चोख होता, आणि तो वेळापत्रकानेच घालून दिला होता. इंग्लिश फुटबॉलपटूंच्या पिण्याबद्दल जे ढीगभर छापून येतं त्यात नाइटक्लब असतात, महागड्या मोटारी असतात, पहाटे तीनची छायाचित्रं असतात. सरावाचा तक्ता कुठेच नसतो. हे मासिक वाचणाऱ्यांच्या हातात मात्र नेमका तो तक्ताच असतो. म्हणून या विषयावर लिहावंसं वाटलं.

टोनी ॲडम्स एकविसाव्या वर्षी, १९८८ मध्ये, आर्सेनलचा कर्णधार झाला. मे १९९० मध्ये त्याने दारूच्या नशेत मोटार भिंतीवर घातली. रक्तातलं मद्य कायदेशीर मर्यादेच्या चौपटीहून जास्त निघालं. डिसेंबरात चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यातले ५७ दिवस त्याने प्रत्यक्ष तुरुंगात काढले. त्या मोसमात आर्सेनलने ३८ पैकी एकच साखळी सामना गमावला आणि विजेतेपद पटकावलं. ॲडम्स सुटून आला तो पुन्हा कर्णधार म्हणूनच. क्लबाने त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, हे चांगलंच झालं. पण त्याच्या पिण्याचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं कोणी विचारल्याचं दिसत नाही. बचावफळी मजबूत होती, चषक येत होते. दारूच्या अमलाखाली मैदानात उतरल्याचं पुढे त्याने स्वतःच सांगितलं. वैद्यकीय पथकाला तेव्हा वास आला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

इथे एक दंतकथा येते, ती मोडून काढायला हवी. कथा अशी की, ऑक्टोबर १९९६ मध्ये जपानहून आर्सेन वेंगर आले, त्यांनी पब बंद केले, उकडलेल्या भाज्या आणि मासे खाऊ घातले आणि पिणारा संघ सुधारला. भाज्यांचा भाग खरा आहे. पहिल्या सामन्याला ब्लॅकबर्नला जाताना बसच्या मागच्या बाकांवरून ‘आमचे मार्स बार परत द्या’ असा घोष चालला होता, हे वेंगर यांनीच हसत हसत सांगितलेलं आहे. पण तारखा बघा. ॲडम्सने शेवटचा प्याला ऑगस्ट १९९६ मध्ये घेतला. सप्टेंबरात त्याने सगळ्या सहकाऱ्यांसमोर ‘मी दारुडा आहे’ हे कबूल केलं. वेंगर यांनी सूत्रं हाती घेतली ती त्यानंतर, १ ऑक्टोबरला. त्याआधी, १९९४ च्या नोव्हेंबरात, पॉल मर्सनने दारू, कोकेन आणि जुगार या तिन्हींच्या व्यसनाची जाहीर कबुली दिली होती आणि इंग्लिश फुटबॉल संघटनेने त्याला बंदीऐवजी उपचारांना पाठवलं होतं. म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती. वेंगर यांचं मोठेपण असं की त्यांनी त्या जमिनीत पेरणी केली : आठवडा बदलला, ताणाचे व्यायाम आणले, जेवणाचं ताट बदललं, खेळाडूंच्या बैठकीच्या खोलीतून दारू हलवली. प्रवचन दिलं नाही. १९९८ मध्ये आर्सेनलने साखळी आणि एफए कप दोन्ही जिंकले, आणि विजेतेपद ठरवणाऱ्या एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात शेवटचा गोल ॲडम्सचा होता.

दुसरं उदाहरण फिजिओ मंडळींसाठी. नोव्हेंबर १९८६ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडमध्ये आले तेव्हा तिथेही पिण्याची परंपरा मुरलेली होती. त्यांनी ती खणून काढायला घेतली आणि १९८९ मध्ये नॉर्मन व्हाइटसाइड आणि पॉल मॅकग्रा या दोघांना क्लबाबाहेर काढलं. शिस्तीच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं. पण मॅकग्रा ॲस्टन व्हिलाला गेला आणि १९९३ मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. गुडघ्यांवर अनेक शस्त्रक्रिया झालेल्या, संघाबरोबर सराव जवळजवळ न करणाऱ्या या माणसाला सामन्याच्या दिवसापर्यंत आणून सोडायचं काम व्हिलाचे फिजिओ जिम वॉकर यांनी केलं. मैदानावरच्या धावण्याऐवजी व्यायामाची सायकल, आणि माणूस कुठे गायब झाला तर त्याचा माग काढणं, हे दोन्ही त्यांच्याच वाट्याला. मॅकग्राने आपल्या आत्मचरित्रात त्यांचं ऋण मानलं आहे.

दारू मात्र सुटली नाही. वॉकर यांच्या कामाचं मोल यामुळे कमी होत नाही. पण आपल्या कामाची मर्यादा कुठे आहे ते दिसतं. गुडघा आपल्या टेबलावर येतो. त्या गुडघ्याचा मालक रात्री कुठे असतो, ते आपल्याला ठाऊक असतं. पण त्यावर उपचार करण्याचं शिक्षण आपण घेतलेलं नसतं.

आता पैशाबद्दल, कारण विषय निघाला की पहिलं बोट तिकडेच जातं. एवढा पगार, एवढं मोकळं आयुष्य, मग पिणार नाहीत तर काय! इतिहास वेगळं सांगतो. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कायद्यासारखी मर्यादा होती, आठवड्याला २० पौंड. ती उठल्यावर फुलहॅमच्या जॉनी हेन्सला १०० पौंड मिळू लागले, तर केवढा गवगवा झाला. पिणं त्याच्या कितीतरी आधीचं. कामगारवस्तीतला क्लब, त्याला लागून पब, शनिवारचा सामना : पैसा या सगळ्यानंतर आला. पैशाने पिणं आणलं नाही, शिक्षा तेवढी पोकळ केली. २०१७ मध्ये वेन रूनीला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोन वर्षांची वाहनबंदी आणि १०० तासांची विनामूल्य सेवा झाली, आणि क्लबाने दोन आठवड्यांचा पगार कापला. सामान्य माणसाला हे आकडे डोळे फिरवणारे वाटतात. ज्याचा पगारच डोळे फिरवणारा, त्याला दोन आठवडे म्हणजे काय? मला तर त्यात ते १०० तास जास्त भारी वाटतात.

आणि पैसा नुसता खेळाडूच्याच खिशात जात नव्हता. १९८५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये प्रेक्षकाला मैदान दिसेल अशा जागी बसून दारू प्यायला बंदी झाली. १९९३ पासून आठ वर्षं त्याच देशाची सर्वोच्च साखळी कार्लिंग या बिअरच्या नावाने खेळली. लिव्हरपूलच्या छातीवर १९९२ ते २०१० पर्यंत कार्ल्सबर्ग होतं. आपण हसायचं कारण नाही. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही नावांपुढे एकाच मद्यसमूहाच्या दोन छापा लागलेल्या आपण पाहिल्या आहेत, आणि बंगळूरुच्या क्रिकेट संघाच्या नावातला ‘रॉयल चॅलेंज’ कुठून आला, हे शेंबडं पोरही सांगेल.

थोडं शरीराबद्दल. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. आठ तंदुरुस्त पुरुषांकडून कसून व्यायाम करून घेतला आणि नंतर त्यांना भरपूर मद्य दिलं. मद्याबरोबर प्रथिनं दिली तरी स्नायूंत नवी प्रथिनं तयार होण्याचा वेग २४ टक्क्यांनी घटला. प्रथिनांऐवजी पिष्टमय पदार्थ दिले तेव्हा ३७ टक्क्यांनी. आठ माणसं म्हणजे प्रयोग लहानच. तरी ‘वर शेक मारला की झालं’ ही जी समजूत जिमपासून वसतिगृहापर्यंत पसरली आहे, तिला एवढं पुरावं. झोप तुटते, लघवी वाढून पाणी कमी होतं, ताज्या मुकामारावर दारू पडली की सूज हटत नाही. हे आपल्याला पाठ आहे. खेळाडूला सांगतो का, हा वेगळा प्रश्न.

मी सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका निमंत्रितांच्या स्पर्धेत मी एका संघाबरोबर होतो. अंतिम सामन्यानंतर आयोजकांच्या माणसाने बसच्या डिकीत एक खोका ठेवला आणि जाता जाता माझ्या थर्मोकोलच्या पेटीचं झाकण उघडून सहा बाटल्या बर्फात खोचल्या. तो बर्फ घोट्यासाठी आणलेला होता. ज्याच्या घोट्यासाठी आणलेला, तो एकोणीस वर्षांचा मुलगा बसच्या पायरीवर बसून ते बघत होता. मग मोठ्यांनी त्याला हाक मारली आणि तो लंगडत गेला. मी बाटल्या बाजूला सारल्या, उरलेला बर्फ पिशवीत भरला आणि त्याच्या घोट्याला बांधला. त्याच्या हातात ग्लास होता. मी पट्टी बांधली, बोललो काही नाही. मोठ्यांच्या आनंदात विरजण कशाला, असं तेव्हा वाटलं होतं.

आज इंग्लंडमध्ये पबातली ती मंगळवारची संध्याकाळ जवळजवळ उरलेली नाही. जीपीएसच्या बंड्या, रोजचं वजन, रक्ताच्या चाचण्या आणि प्रत्येक खिशातला कॅमेरा यांनी ती संपवली. व्यसन संपलं, असं मात्र नाही. ते एकट्याच्या खोलीत गेलं. मे २०२३ मध्ये इव्हान टोनीवर सट्टेबाजीच्या नियमभंगांबद्दल आठ महिन्यांची बंदी आली. त्याच वर्षी सांद्रो तोनालीवर दहा महिन्यांची. जुलैत डेले ॲलीने झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेल्याचं आणि उपचार घेऊन आल्याचं सांगितलं. ग्लास निदान दिसतो, त्याचा वास येतो. फोनवरचा जुगार सराव चालू असतानाही चालू राहतो. आपण मात्र अजून तोंडाचा वास घेत उभे आहोत.

वेळ हाच खरा धोका, असं माझं मत आहे. सराव दुपारी एकला संपतो. पुढचे तास कोणाचे? दुखापतीत तर अख्खा दिवस मोकळा, आणि संघ दौऱ्यावर गेलेला. निवृत्तीनंतर मोकळाच मोकळा. ५७ सामन्यांत इंग्लंडसाठी ४४ गोल करणारा जिमी ग्रीव्हज एकतिसाव्या वर्षी सर्वोच्च साखळीतून बाहेर पडला आणि पुढची काही वर्षं दारूने गिळली. १९७८ मध्ये त्याने ती सोडली आणि मग उरलेलं आयुष्य तो तिला शिवला नाही. जॉर्ज बेस्ट सत्ताविसाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेड सोडून गेला, २००२ मध्ये यकृत बदलावं लागलं, २००५ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. दोघांच्याही चित्रफिती आपण प्रशिक्षणवर्गात दाखवतो. फक्त मैदानावरच्या.

पाठवायचं कुठे, हे तरी आपल्याला माहीत असावं. ॲडम्सने २००० मध्ये खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ नावाचं उपचारकेंद्र काढलं. खेळाडूंची संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली. आपल्याकडे पुण्यात मुक्तांगण आहे. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या आर्थिक मदतीतून ते सुरू केलं ते १९८६ मध्ये, म्हणजे ग्रॅहम आर्सेनलला आले त्याच साली. तिथे खेळाडू चालतात का, असा प्रश्न एका प्रशिक्षकाने मला विचारला होता. माणसं चालतात, एवढंच मी सांगितलं. संघाच्या दवाखान्याच्या भिंतीवर हाडांच्या डॉक्टरचा नंबर असतो, रुग्णवाहिकेचा असतो. तिसरा नंबर लिहायला दोन मिनिटं लागतात. आणि खेळाडूने आपल्याजवळ बोललेलं व्यवस्थापनाच्या कानावर जाणार नाही, एवढी खात्री त्याला नसेल, तर तो नंबर कोणी फिरवणार नाही. वजनाची आणि सांध्याची नोंद क्लबाची. ही नोंद त्याची.

पुढच्या अंकापासून वाचकांनी पाठवलेली वेळापत्रकं छापायचा विचार आहे. आपल्या संघाचा, अकादमीचा, तालमीचा एका आठवड्याचा तक्ता पाठवा. खेळाडूंची, क्लबाची नावं नकोत. सरावाचे तास, जेवण, झोप हे सगळे लिहितातच. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळचा रकाना तेवढा मोकळा सोडू नका.