गरिबाच्या गच्चीवरचे ऊन

स्वस्त घरांच्या योजनेत सौर पॅनेल, सौरबंब किंवा उष्णतारोधक छत यांचा विषय निघाला, की दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला असा, की आधी डोक्यावर छप्पर द्यावे. हरित ऊर्जा ही पोट भरलेल्यांची चैन आहे. दुसरा अधिक बोचरा आहे: गरीब वस्तीत अशी यंत्रे टिकत नाहीत, लोक ती सांभाळत नाहीत आणि पैसा भंगारात जातो.

पहिला आक्षेप घराची किंमत एकदाच मोजतो. घर बांधायला अनुदान मिळते. पण त्यात राहण्याचा खर्च दर महिन्याला मजुरीतूनच करावा लागतो. केपटाउनच्या खायेलित्शा वस्तीतील कुयासा या भागाचा अनुभव येथे निर्णायक आहे. वर्णभेदी राजवट संपल्यावर सरकारने तेथे गरिबांना सुमारे 30 चौरस मीटरची घरे दिली. वर छप्पर होते, पण त्याखाली आतले छत नव्हते. केपटाउनचा हिवाळा गार आणि पावसाळी असतो. घरातली ऊब पत्र्यातून निघून जाई, बाष्पाचे पाणी होऊन थेंब टपकत आणि ऊब व गरम पाणी यांसाठी रॉकेल जाळले की धूर घरातच कोंडे. छप्पर दिले होते. निवारा अपुराच राहिला होता.

तेथील 2,300 हून अधिक घरांत सौरबंब, उष्णतारोधक छत आणि कमी वीज खाणारे दिवे बसवण्यात आले. क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत 2005 मध्ये नोंदला गेलेला हा दक्षिण आफ्रिकेचा पहिला प्रकल्प. त्याच्या हिशेबात एक मोलाची गोष्ट मान्य झाली. ही कुटुंबे आधीच इतके कमी इंधन वापरत होती, की बचत दाखवायला फारसे काही नव्हते. म्हणून प्रत्यक्ष वापराऐवजी पैशाअभावी दाबून ठेवलेली गरज आधार मानली गेली. थंडीत कुडकुडणे म्हणजे ऊर्जेची काटकसर नव्हे, हे या प्रकल्पाने हिशेबाच्या भाषेत मांडले. मात्र टळलेल्या उत्सर्जनाबद्दल मिळणाऱ्या कार्बन श्रेयांच्या विक्रीतून खर्चाचा काही भागच निघण्यासारखा होता; सरकारी अनुदानावाचून काम पुरे होणार नव्हते. बाजारच सगळा भार उचलील, या समजुतीलाही येथे उत्तर मिळते.

दुसऱ्या आक्षेपातील निरीक्षण पुष्कळदा खरे असते, निष्कर्ष मात्र चुकीचा. कुयासात वस्तीतल्याच तरुणांना शिकवून बसवणीच्या कामावर घेतले होते, त्यामुळे यंत्राची माहिती असणारी माणसे शेजारीच होती. त्याच देशाने नंतर दहा लाख सौरबंबांचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा संख्येवर भर आला आणि निकृष्ट जोडणी व दुरुस्तीचा अभाव यांच्या तक्रारी आल्या. रहिवासी गरीब दोन्हीकडे होते. फरक व्यवस्थेत होता.

मुंबईच्या पुनर्वसन इमारतींत व्यवस्थेबरोबरच सौर वीज कुठे वापरायची, हाही प्रश्न येतो. समजा, 16 मजले आणि दर मजल्यावर 12 घरे, म्हणजे 192 कुटुंबे आहेत. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि सावली वगळून गच्चीवर 2,000 चौरस फूट जागा उरली, तर एका किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट या हिशेबाने 20 किलोवॉट पॅनेल बसतात. त्यांतून दिवसाला सरासरी 80 युनिट वीज मिळते. ती घरोघर वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे युनिटही येत नाही. जुना पंखा पाच-सहा तास चालेल, एवढेच. शिवाय वापर 100 युनिटांच्या आत असलेल्या घराला वीज मुळात कमी दराने मिळते, तेव्हा त्याच्या बिलातली बचत फार मोठी दिसणार नाही. आक्षेपकांचे एवढे म्हणणे मान्यच करावे लागते.

पण तीच वीज सामायिक मीटरला जोडली, की चित्र पालटते. माणशी 135 लिटर धरून एवढ्या कुटुंबांचे पाणी गच्चीवर चढवायला पंपाला दिवसाला साधारण 35 युनिट लागतात. उरलेली वीज लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांच्या बिलातून वजा होते. चाळीतून किंवा झोपडीतून आलेल्या कुटुंबाला इमारतीत जड जातो तो हाच मासिक देखभाल खर्च. तो थकला की लिफ्ट बंद पडते आणि बाराव्या मजल्यावरची म्हातारी घरात अडकते. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. त्यासाठी संस्थेचा कारभार विकासकाकडून रहिवाशांकडे आलेला असला पाहिजे आणि मीटर संस्थेच्या नावावर हवा.

उरते ती निगा. धूळ आणि कबुतरांची विष्ठा साचली की वीज घटते, म्हणून पॅनेल नियमित धुवावी लागतात; त्यासाठी गच्चीवर पाण्याचा नळ हवा आणि धुणाऱ्याचा पगार ठरलेला हवा. पॅनेल 25 वर्षे टिकते, इन्व्हर्टर मात्र साधारण दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. विकासकाने संस्थेसाठी ठेवायच्या देखभाल निधीतच या दुसऱ्या इन्व्हर्टरची रक्कम पहिल्या दिवशी वेगळी काढून ठेवावी आणि वीजबिलात वाचलेल्या पैशांतून दर महिन्याला त्यात थोडी भर घालावी.