‘ब्रेक निकामी’ झाले, पण कशाने?

नागपूर-अमरावती महामार्गावर गुरुकुंज मोझरीच्या परिसरात सुगीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. कापूस, तूर, संत्री आणि पुष्कळदा त्या मालावरच बसलेले मजूर, असा हा भार शेताच्या चाकोरीतून एकदम भरधाव वाहनांच्या रस्त्यावर येतो. एखादी ट्रॉली उलटली की ‘चालकाची बेदरकारी’ किंवा ‘ब्रेक निकामी’ एवढ्या दोन शब्दांवर प्रकरण भागवण्याकडे कल असतो. ब्रेक कशाने निकामी झाले, हे विचारण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात.

तपास केल्यास हे कारण टिकतेच असे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलावर मालट्रकने अनेक वाहने चिरडली तेव्हा प्रथम ब्रेककडेच बोट दाखवले गेले. पुढे तपासात, चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे निष्पन्न झाले. इंजिन बंद म्हणजे हवेच्या ब्रेकला दाब पुरवणारा कॉम्प्रेसरही बंद. डिसेंबर २०२४ मधील कुर्ल्याच्या बस अपघातातही परिवहन विभागाला ब्रेक सुस्थितीत आढळले. महानगरातील गाजलेल्या अपघातांच्या वाट्याला एवढी चिकित्सा तरी येते.

ट्रॅक्टरची रचना तर अधिकच खुलाशाची अपेक्षा करते. शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून त्याच्या डाव्या व उजव्या मागील चाकांना स्वतंत्र ब्रेक-पेडल असते. रस्त्यावर येताना ती दोन्ही पेडले खिट्टीने जोडावी लागतात. खिट्टी विसरली आणि घाईत एकच पेडल दाबले गेले, तर एकच चाक अडते व ट्रॅक्टर गर्रकन वळतो. येथे ब्रेक शाबूत असतो! मागच्या ट्रॉलीला तर अनेकदा ब्रेकच नसतो. उतारावर तिचा सारा भार ट्रॅक्टरला पुढे रेटतो.

कायद्याच्या दृष्टीने शेतीचा ट्रॅक्टर हे ‘परिवहनेतर’ वाहन आहे. मालट्रकला ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते; ट्रॅक्टरची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षे त्याच्या ब्रेककडे कोणी पाहिलेच पाहिजे असे बंधन नाही. लायनिंग बदलण्याचा खर्च वाचतो मालकाचा. गुन्हा दाखल होतो चालकावर. आणि ट्रॉली माणसे वाहण्यासाठी नाही, या मुद्द्यावर विमा कंपनी मजुराच्या कुटुंबाचा दावा नाकारू पाहते. बचत एकाची व जोखीम दुसऱ्याची असा हा सरळ व्यवहार आहे. वस्तुतः यांत्रिक दोष अप्रकट होता व वाजवी काळजी घेऊनही तो कळला नसता, हे मालकाने सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मिनू मेहता खटल्यात १९७७ मध्येच सांगितले आहे. परंतु पुरावाच जपला नाही तर सिद्ध काय करणार?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करण्याचा अधिकार आज उपलब्ध आहे. वाहन हलवण्यापूर्वी खिट्टी, गिअर, ब्रेक-तेलाची पातळी व रस्त्यावरील टायरचे व्रण यांची छायाचित्रे घ्यावीत, नंतर लायनिंगची जाडी मोजावी. यास अर्धा दिवस पुरे. आणि हंगामापूर्वी बाजार समितीच्या आवारातच ट्रॉल्यांची तपासणी ठेवली, तर शेतकऱ्याचा वेगळा हेलपाटाही वाचेल.